तुणतुण्याच्या पोटात पितळी चकती

माझे वडील जलसा पार्टीत तुणतुणं वाजवायचे. गोवंडीच्या शिवाजीनगरात तेव्हा माइक एकच असायचा आणि तो शाहिरापुढे. वडील त्याच्या मागे उभे राहून वाजवत, तरी ती एकटी तार शेवटच्या चटईपर्यंत पोचायची. पुढे पार्टीत बेंजो आला, कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आलं. प्रत्येकाची वायर मिक्सरला. तुणतुण्याला वायर नव्हती. एका चौदा एप्रिलला वडील तुणतुणं खुंटीवरच ठेवून नुसती झांज घेऊन निघाले. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या वर्षी मी अंधेरीच्या सीप्झमध्ये सोल्डरिंगच्या लाइनवर होते. १९७३ साली सुरू झालेल्या त्या वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांमध्ये आम्ही बायकाच जास्त. बारीक काम, ताठ मान, दिवसाला शेकडो डाख. बजरमध्ये बसणारी पितळी चकती माझ्या हातून किती गेली असेल त्याची गणती नाही. तीच चकती वडिलांच्या वाद्याला लावली असती तर ते मिक्सरला जोडता आलं असतं. हे मला कळायला आणखी पंचवीस वर्षं लागली, आणि तोवर वडील राहिले नव्हते.

मला ते शिकवलं एका सिगारच्या पेटीनं. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला येतो. त्यामुळे आमच्या वस्तीत जे मिळत नाही ते दुकानातही मिळत नाही, असं आमची पोरं म्हणतात. भाच्यानं बैंगनवाडीतल्या भंगारवाल्याकडून एक लाकडी पेटी आणली. बहुतेक एखाद्या मोठ्या हॉटेलातून निघालेली. झाकणावर सोनेरी छाप आणि आत अजून तंबाखूचा वास. त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांना अशा पेटीची गिटार वाजवताना पाहिलं होतं. जुन्या दरवाजाच्या चौकटीतली सागाची पट्टी त्यानं पेटीतून आरपार घातली, ब्रिजच्या जागी एक लांब बोल्ट ठेवला आणि गिटारच्या तीन वापरलेल्या तारा ताणल्या.

तिकडे ही गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सिगार छोट्या लाकडी पेट्यांतून विकले जाऊ लागले आणि रिकाम्या पेट्या घरोघर साठल्या. ज्यांना वाद्य विकत घेणं परवडत नव्हतं त्यांनी त्या पेट्यांनाच तारा लावल्या. रॉकअबिली गायक कार्ल पर्किन्स यांची पहिली गिटार त्यांच्या वडिलांनी सिगारची पेटी आणि झाडूचा दांडा जोडून केली होती. तीन तारांच्या या गिटारी बहुतेक वेळा ‘जी-डी-जी’ लावतात. आपल्या भाषेत षड्ज, पंचम, तार षड्ज. भाच्यानं तारा लावून छेडल्या तेव्हा मला पहिल्यांदा तंबोराच आठवला. पेटी परदेशी असली तरी तिचं लावणं आपल्या ओळखीचं निघालं.

पेटीत त्यानं एक चकती चिकटवली होती, दोन वायरी बाहेर काढल्या होत्या आणि शेजारच्या भजनी मंडळाच्या अँप्लिफायरला ती जोडली होती. तार छेडली की डब्यात बोलल्यासारखा नाकातला आवाज. बाही पेटीला घासली तर तार छेडल्याहून मोठा आवाज. व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला की शिट्टी. “मावशी, चकती खराब आहे, दुसरी दे,” तो म्हणाला. मी मल्टिमीटर लावून पाहिला. चकती धडधाकट होती.

आता ही चकती काय करते ते समजून घेऊ, कारण पुढचे सगळे दोष त्यातूनच निघतात. १८८० साली पॅरिसमध्ये जॅक आणि पिअर क्युरी या भावांच्या लक्षात आलं, की क्वार्ट्‌झसारखे काही स्फटिक दाबले तर त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. हे पिअर म्हणजे रेडियमवाल्या मेरी क्युरींचे पती. याला म्हणतात पिझो परिणाम. पुढच्याच वर्षी याच्या उलटही घडतं हे कळलं: वीज दिली की स्फटिक किंचित आकसतो, फुगतो. बजरमध्ये हेच उलटं काम चालतं, वीज देऊन आवाज काढायचा. आपण तीच चकती पिकअप म्हणून लावली की ती सुलट काम करते, थरथर घेऊन वीज देते. आता क्वार्ट्‌झच्या जागी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम असलेलं सिरॅमिक वापरतात. तुमच्या गॅसच्या लायटरमध्ये त्याचाच छोटा दंडगोल असतो. खटका दाबला की त्यावर हातोडी बसते आणि काही हजार व्होल्टची ठिणगी उडते.

बेंजोचा पिकअप वेगळा. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते खरं तर बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ १९१२ साली जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतो या वाद्यात. त्याच्या पिकअपमध्ये लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. ते फक्त पोलादी तारेची हालचाल टिपतं, लाकडाशी त्याला घेणंदेणं नाही. पिझोचं नेमकं उलट. तार पोलादाची आहे की नायलॉनची, हे त्याला कळतही नाही. ज्याला चिकटवलंय ते थरथरलं, एवढंच त्याला कळतं. त्याला कान नाहीत, त्याला स्पर्श आहे. म्हणून पेटीला घासलेली बाही, आत लोंबकळणारी वायर, खुंटीचा सैल स्क्रू, सगळं तो तितक्याच इमानानं सांगतो. भाच्याच्या गिटारीत चकती बरोबर होती आणि पेटीतली प्रत्येक सैल गोष्ट ती बोलून दाखवत होती.

नाकातल्या आवाजाचं कारण मात्र पेटीत नव्हतं. ते अँप्लिफायरच्या तोंडाशी होतं. पिझो चकती म्हणजे विजेच्या भाषेत एक कपॅसिटर. २७ मिलिमीटरची चकती साधारण २० नॅनोफॅरडची असते. ती वीज तयार करते, पण फार कमी करंट देऊ शकते. मिक्सरच्या लाइन इनपुटचा विरोध साधारण १० किलोओहम असतो. या दोन आकड्यांचा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ८०० कंपनांच्या खालचा सगळा आवाज उतरत जातो. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज आहे साधारण १३९ कंपनांवर. म्हणजे तिथं मूळ स्वराचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो, वरचे किरकिरे स्वरांश तेवढे पूर्ण पोचतात. माइकच्या इनपुटची अवस्था याहून वाईट. तीच चकती १ मेगओहमच्या इनपुटला लावा, आणि ही सीमा ८ कंपनांवर जाते. माणसाला ऐकू येणारं सगळं तिच्या वर आलं. गिटारच्या अँप्लिफायरचं इनपुट असंच असतं.

गिटारचा अँप आमच्याकडे कुणाकडे असणार? म्हणून मधे एक बफर, म्हणजे चकतीला मोठा विरोध दाखवणारं छोटं सर्किट, लागतो. लॅमिंग्टन रोडला बीएफडब्ल्यू-१० नावाचा चार पायांचा, धातूच्या टोपीचा एफईटी ट्रान्झिस्टर मिळतो; डिप्लोमाच्या मुलांनी तो प्रॅक्टिकलला वापरलेला असतो. तो एक, तीन-चार रेझिस्टर-कपॅसिटर आणि ९ व्होल्टची बॅटरी. काडेपेटीत मावेल एवढं काम. चकती त्याला दिली आणि त्याचा आउटपुट मिक्सरला दिला, की आवाजाला पोट येतं. भाच्यानं पहिल्यांदा तो खर्जातला षड्ज ऐकला आणि त्याचा हात तारेवर तसाच थांबला. मी वाचकांना हेच सांगेन की पिझो बेसूर, पिझो पातळ, ही जी तक्रार सर्रास होते तिच्यातली निम्मी तरी या एका गोष्टीची आहे. चकत्या बदलत बसू नका, चकतीला मोठ्या विरोधाचं इनपुट द्या.

सोल्डरिंगबद्दल मी थोडं जास्त बोलणार, कारण ते माझं काम आहे. चकती विकत घ्याल तेव्हा शक्यतो वायर लावलेलीच घ्या, दहा-पंधरा रुपयांत मिळते. जुन्या खेळण्यातून किंवा गजराच्या घड्याळातून काढायची असेल तर प्लॅस्टिकचा डबा कापा, चकती उचकटू नका. ती जराशी वाकली तरी वरचं सिरॅमिक तडकतं आणि तडकलेली चकती अर्ध्या आवाजाची होते. त्या सिरॅमिकमध्ये शिसं आहे. पोरांना ते घासू देऊ नका, तुटले तुकडे वेगळ्या बरणीत टाका आणि काम झालं की हात धुवायला लावा. डाख देताना पितळेला वेळ लागतो, ते आधी पॉलिश पेपरनं घासून घ्या. मधल्या चंदेरी भागाला मात्र एक-दोन सेकंदांच्या वर टोक लावायचं नाही. जास्त तापवलं तर चांदीचा थर सोल्डरमध्ये विरघळतो, आणि आतल्या सिरॅमिकची सगळी घडी विस्कटते. ज्या तापमानाला अशा पदार्थाचा हा गुण नाहीसा होतो त्याला ‘क्युरी तापमान’ म्हणतात. नाव त्याच पिअर क्युरींचं.

चकती जिवंत आहे का हे पाहायला मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि नखानं टिचकी मारा. आकडा उडाला तर ती जिवंत. कंटिन्युइटीवर ठेवल्यावर बीप आली तर कुठेतरी वायरीचा केस मधल्या थरावरून पितळेला टेकलाय. तो काढला की बहुतेक वेळा काम होतं.

हमिंगचं कारण नव्वद टक्के वेळा मला एकच सापडलंय: वायरी उलट्या. पितळ ग्राउंडला, मधला चंदेरी भाग सिग्नलला. उलट केलं तर ती पितळी चकती अँटेना होते आणि घरातल्या ट्यूबलाइटपासून मोटरपर्यंत सगळ्यांची घरघर गोळा करते. वायर शिल्डेड घ्या, आखूड ठेवा. जॅक लागतो मोनो, ज्याला आपले दुकानदार पी-३८ म्हणतात. त्याची मोठी पट्टी ग्राउंड. एवढं करूनही हम राहिला तर पेटीला आतून अॅल्युमिनियमची फॉइल लावून ती ग्राउंडला जोडा.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. डबा पत्र्याचा असला किंवा तारा ग्राउंडला जोडल्या तर वाजवणाऱ्याचा हात थेट अँप्लिफायरच्या बॉडीशी जोडला जातो. आपल्याकडच्या मंडपात अर्थिंग असतंच असं नाही. दोन पिनांचा प्लग, उघडी वायर खोचलेला सॉकेट, खाली पावसाचं पाणी. एका हातात तार आणि ओठाशी माइक, आणि दोन्ही वेगवेगळ्या लाइनवर, हा प्रकार जीव घेऊ शकतो. मुलं शिकत असतील तेव्हा मी बॅटरीवर चालणारा अँपच वापरू देते. मंडपात तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग तपासल्याशिवाय धातूचं वाद्य जोडू नये. आवाज गेला तर जाऊ दे.

आता चकती लावायची कुठे. याचं उत्तर बोटानं शोधायचं. पेटीवर ठिकठिकाणी टिचकी मारा. जिथं भरीव पण मोकळा आवाज येतो तिथं आधी दुहेरी टेपनं चकती लावून वाजवून बघा. ब्रिजच्या बरोबर खाली लावली तर आवाज मोठा आणि टोचरा, नखाचा आघात जास्त. दोन-तीन बोटं बाजूला सरकवली तर गोडवा येतो, जोर थोडा कमी होतो. पातळ झाकणाच्या मध्यावर लावली तर ढब-ढब आणि शिट्टी. पक्की जागा ठरली की मगच पितळी बाजू लाकडाला पूर्ण टेकवून चिकटवा. ग्लू गन सगळे वापरतात, पण तो गोंद मऊ राहतो आणि वरचे स्वर खातो. कधीकधी तेच हवं असतं. फार टोचरा आवाज असेल तर चकतीच्या पाठीवर त्याचा एक थेंब चांगलं काम करतो. लाकडाशी जोड मात्र कडक हवा. अर्धवट चिकटलेली चकती स्वतःच कुरकुरते आणि लोक तारेला दोष देतात. वायरींना चकतीपासून बोटभर अंतरावर टेपनं बांधून ठेवा, म्हणजे त्या पेटीला आपटणार नाहीत आणि डाखही सुटणार नाही.

भाच्याच्या पेटीत आम्ही एवढंच केलं. बोल्टखाली एक बारीक सागाची पट्टी, तिच्या शेजारी चकती, आत जुन्या उशीतला स्पंज कोंबला, बफर लावला. शिट्टी थांबली. मग मी खुंटीवरचं तुणतुणं उतरवलं.

तुणतुण्याचं प्रकरण पेटीहून अवघड आहे, आणि याबद्दल कुठेही काही लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून सविस्तर सांगते. वरून उघडं लाकडी नळकांडं, तळाला बकऱ्याचं कातडं, बाजूला उभी काठी, टोकाला खुंटी आणि कातड्याच्या मध्यातून खुंटीपर्यंत एकच तार. या वाद्याला ब्रिज नाही. तार थेट कातड्याला ओढते आणि खुंटी पिळली की स्वराबरोबर कातडंही ताणलं जातं. गोंधळ्याच्या संबळाशेजारी, शाहिराच्या डफाशेजारी त्याचा जो ‘तुण्’ उठतो तो या ताणातूनच येतो.

मी पहिली चूक केली ती अशी, की ३५ मिलिमीटरची मोठी चकती कातड्याच्या मधोमध चिकटवली. वाद्य मेलं. पितळेच्या वजनानं कातडं हलेचना. ती काढताना कातड्याचा थरही थोडा निघाला, आणि वडिलांच्या हातचं कातडं आपण खराब केलं म्हणून मी दोन दिवस वाद्याला हात लावला नाही. मग २० मिलिमीटरची चकती घेतली आणि कातड्याच्या आतून, पण काठाजवळ लावली. ‘तुण्’ परत आला, पण स्पीकर जवळ असला की कातडं त्याचाच आवाज पकडून शिट्टी मारायचं. शेवटी एक चकती काठी जिथं नळकांड्याला बसते त्या लाकडावर लावली. तिथं स्वर स्वच्छ येतो, शिट्टी नाही, पण कातड्याचा दम कमी. दोन्ही चकत्या पॅरलल जोडल्या, पितळ पितळेला, चंदेरी भाग चंदेरी भागाला, तेव्हा कुठे मला माझ्या लहानपणीचा आवाज स्पीकरमधून ऐकू आला. पॅरललमध्ये दोन्ही कपॅसिटरच्या धारितांची बेरीज होते, त्यामुळे खर्जही सुधारतो. एक वायर उलटी जोडली गेली तर दोघी एकमेकींना खातात. आवाज अचानक पातळ वाटला तर आधी ते तपासा.

पावसाळ्यात कातडं सैल पडतं. हलगीवाले शेक देतात तसा शेक द्यायचा मोह होतो, पण आत चकती असेल तर विस्तवाजवळ नेऊ नका, गोंद सुटतो. साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली हातभर अंतरावर ठेवलं तरी तासाभरात ताण येतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला आनंद आहे. तुणतुण्याला असा कारखाना नाही, गल्ली नाही. ज्याला हवं त्यानं सुताराकडून नळकांडं करून घ्यायचं, देवनारच्या कत्तलखान्यातून कातडं आणायचं. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्याआधी भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. कामगार वस्त्यांमधून घडलेल्या त्या गाण्याच्या परंपरेत हे घरचं, हातचं वाद्य होतं. पॅराग्वेमध्ये कातेउरा नावाच्या कचराभूमीशेजारची मुलं तेलाच्या पिंपाचे चेलो वाजवत जगभर फिरली, त्यांच्यावर ‘लँडफिल हार्मनिक’ हा माहितीपट निघाला. आपल्याकडे ‘धारावी रॉक्स’च्या मुलांनी पिंपं आणि रंगाचे डबे वाजवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये गोवंडी आर्ट्‌स फेस्टिवल झाला, तेव्हा आमच्या वस्तीचं नाव वर्तमानपत्रात कचरा आणि आजार सोडून पहिल्यांदा वेगळ्या कारणानं मी वाचलं. डबा वाजवायला शिकलेल्या मुलाला मी एवढंच म्हणते की आपल्याकडे डब्याचं वाद्य आधीपासून आहे, तेही हातात घेऊन बघ.

आता रविवारी दुपारी माझ्या खोलीत चार-पाच मुलं येतात. कुणी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणतं, कुणी प्लायवूडचा खोका. पहिल्या दिवशी मी चकती देते आणि म्हणते, घरभर लावून ऐका: दाराला, पाण्याच्या पिंपाला, शिलाई मशीनला, आईच्या पाट्याला. एका मुलीनं ती खिडकीच्या गजाला लावली आणि हार्बरची गाडी दिसण्याआधी तिला ऐकू आली.

भाचा आता एका पार्टीत तीच पेटी वाजवतो. वडिलांचं तुणतुणं त्याच्या शेजारचा मुलगा वाजवतो, वय वर्षं चौदा. ज्यांच्या पार्टीत, मंडळात, गोंधळात तुणतुणं अजून आहे त्यांनी एक करावं: पुढच्या कार्यक्रमाला साउंडवाल्याकडे त्याच्यासाठी एक चॅनल मागून घ्यावा, आणि वाजवणाऱ्याला मागे उभं न करता पुढे आणावं.